ओंडक्यावरून पडलेली ऋता

चिंचवडच्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये हरिहररावांनी उभी हयात नोकरी केली. मशीन कुरकुरलं की साहेब त्यांनाच हाक मारायचे. ते म्हणायचे, "हात लावल्याशिवाय काही सांगता येत नाही." निवृत्तीनंतर मात्र, जिथे हात पोचत नाही अशा गावाकडे नुसतं बघत बसायची पाळी त्यांच्यावर आली.

ते गाव अमेरिकेतलं. एके काळी तिथे जंगलतोडीचा धंदा जोरात होता. लाकडाच्या गिरण्या कधीच बंद पडल्या. उरली जुन्या दुकानांची बाजारपेठ आणि चौकात आठवण म्हणून ठेवलेला हत्तीएवढा ओंडका. व्यापाऱ्यांनी एका छपरावर कॅमेरा बसवला होता. त्या घडीला रस्त्यावर जे चाललंय ते नेटवर कुणालाही दिसायचं. मुलगा निमिष तिथे नोकरीला होता, तेव्हा त्यानेच हे दाखवलं होतं. पुढे त्याचा घटस्फोट झाला. तो दुसऱ्या राज्यात गेला; सून विजयश्री आणि सहा वर्षांची नात ऋता तिथेच राहिल्या. विजयश्रीने सासरच्यांचे फोन घेणं सोडून दिलं.

तिथली संध्याकाळ म्हणजे इथली सकाळ. पद्माताई चहा टाकायच्या, हरिहरराव मोबाइल टीव्हीला जोडायचे. कामावरून सुटल्यावर विजयश्री ऋताला घेऊन त्याच रस्त्याने जायची. चेहरे काही नीट दिसत नसत. लाल जाकीट आणि उड्या मारत चालणं, एवढ्यावर दोघं तिला ओळखायची.

"उंच झालीय हो," पद्माताई म्हणायच्या.

"वाळलीय गं. खात नसेल."

एका सकाळी विजयश्री औषधांच्या दुकानात शिरली आणि ऋता ओंडक्यावर चढली. पार वर. हरिहरराव खुर्चीतून उठले. "अगं उतर! ऋता, उतर खाली!" ते टीव्हीवर ओरडले. पोरीचा पाय सरकला. ती खाली पडली आणि तशीच पडून राहिली. दुकानाचं दार बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"अहो, कुणाला तरी सांगा ना!" पद्माताईंनी त्यांचा दंड धरला. सांगणार कुणाला? शेवटी एक म्हातारा धावत आला, मागोमाग विजयश्री. तिने पोरीला उचलून गाडीत घातलं आणि गाडी चित्राबाहेर गेली.

हरिहररावांनी विजयश्रीला फोन लावला. तिने उचलला नाही. मग निमिषला लावला.

"पडली? तुम्हाला कसं कळलं?" निमिषने विचारलं. त्यांनी सांगितलं. मुलगा चिडून म्हणाला, "बघतोच मी तिच्याकडे."

"अरे, भांडू नकोस. फक्त विचार, पोरगी कशी आहे."

पण तो भांडलाच. पोरीकडे तुझं लक्ष नसतं, आईबाबा कॅमेऱ्यात रोज बघतात, असं सगळं बोलून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी विजयश्रीचा मेसेज आला: 'ऋताच्या हाताला प्लास्टर घातलंय, काळजी करू नका. पण बाबा, कुणीतरी रोज आपल्यावर नजर ठेवून असतं हे कळल्यावर मला त्या रस्त्याने चालवत नाही. प्लीज, बघू नका.'

हरिहररावांनी किती तरी वेळ खाडाखोड करत उत्तर लिहिलं: 'चुकलं बाळा. कधी तरी तिचा आवाज ऐकवशील?' मेसेज वाचला गेला. उत्तर आलं नाही.

"तिचं काही चुकलं नाही हो," पद्माताई म्हणाल्या. "एकटी बाई. तिला कसं वाटलं असेल?"

"मी कुठे चुकलं म्हणतोय?"

टीव्ही बरेच दिवस बंद राहिला. मग थंडीतल्या एका सकाळी, एकमेकांना काही न विचारता, दोघं पुन्हा समोर येऊन बसली. दिव्यांच्या उजेडात बर्फ पडत होता. माणसं येत होती, जात होती. त्यांच्यात लाल जाकीट नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. विजयश्रीने रस्ता बदलला होता.

"प्लास्टर निघालं असेल का हो?" पद्माताईंनी विचारलं.

हरिहररावांना काही सांगता येईना.