नवारीचा पट्टा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन वहिनींचा. ‘जेवून पडले होते, उठलेच नाहीत,’ एवढंच बोलल्या. पौडला पोचेपर्यंत अर्धी वाट मी रडले आणि अर्धी वाट चिडले. कारण त्याच आठवड्यात माझ्या या थोरल्या भावानं मला सांगितलं होतं, गाडी मिस्त्रीकडे टाकलीय, या खेपेला सीटच्या पट्ट्यांचं काम होणार म्हणजे होणार. हे मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते. म्हटलं, शेवटी तेही अर्धवट टाकून गेलास ना... आता महिना उलटून गेलाय, पण राग पुरता उतरलेला नाही. लिहायला बसलेय तीही त्या रागातच.

अण्णाचं पौडला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान. मारुंजी-महाळुंग्याकडच्या जमिनींचे व्यवहार सुरू झाले आणि सातबाऱ्याच्या प्रती काढता काढता त्याचं मशीन गार पडेना. चार पैसे हातात आले की लोक नवी गाडी घेतात. यानं अठ्ठ्याण्णव साली कुणा निवृत्त साहेबाची, स्वतःच्या लग्नाहून जुनी अँबॅसिडर आणली. साहेबानं हौसेनं पुढच्या सीटला पट्टे बसवून घेतले होते, हातानं ओढून सैल-घट्ट करायचे. ते आता उंदरांनी कुरतडून ठेवलेले. मी म्हटलं, अण्णा, हे आधी बदल. आणि बदलले की त्यानं! बाजारातून खाटेची नवार आणली, पिशव्या शिवणाऱ्याकडून दुहेरी शिवून घेतली आणि लावली गाडीला. पांढरी, निळ्या काठाची, पलंगाला विणतात तीच. वर मलाच ऐकवतो, यावर आपला बाप जन्मभर झोपला, तुझ्या वहिनीचं वजन ते काय! वहिनी हसून म्हणाल्या, ‘अहो, मी काय खाट आहे?’ पण बिचाऱ्या नेहमीची पिशवी मांडीवर घेऊन मुकाट्यानं तो पट्टा लावून बसायच्या.

मग व्हायचं तेच झालं. पिरंगुटच्या अलीकडे म्हैस आडवी आली, अण्णानं करकचून ब्रेक दाबला, पट्टा टरकला आणि वहिनींचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं. भुवईवर टाके पडले. मी धावत दवाखान्यात गेले तर हा डॉक्टरांना समजावतोय, ‘नवार तुटलेली नाही हो, शिवण उसवली.’ बायकोच्या साडीवर रक्त, आणि याला नवारीच्या अब्रूची काळजी! पुढे कितीतरी दिवस येईल त्याला तो हेच सांगत होता. चुकलं माझं, हे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून निघाले नाहीत. वहिनींनी आदळआपट केली नाही. घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, खरे पट्टे बसवा, मग मी बसेन. आणि दुसऱ्या दिवसापासून त्या एसटीनं जायला लागल्या.

यावर कुणीही शहाणा माणूस आठवड्याभरात नवे पट्टे बसवून मोकळा झाला असता. पण अण्णा कसला! सीटची कव्हरं मरून, म्हणून पट्टे मरूनच हवेत. आपोआप गुंडाळले जाणारे नकोत, मूळचे होते तसलेच, हातानं ओढायचे हवेत. माझ्या नवऱ्यानं पुण्याहून चांगले काळे पट्टे आणून दिले, तर यानं ते शेजाऱ्याच्या जीपला बसवून दिले आणि स्वतः जुन्या बाजारात चकरा मारत राहिला. इकडे लग्न असो, बारसं असो, वहिनी एसटीत आणि हा एसटीच्या मागे रिकामी गाडी घेऊन. वहिनी उतरायच्या तिथे एसटीला मागे टाकून आधीच जाऊन गाडीचं दार उघडून उभा राहायचा. त्या बाजूनं निघून जायच्या. अख्ख्या गोतावळ्याची करमणूक चालली होती... मला तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची. शेवटी एकदा मी त्याला कोंडीत धरलं. म्हटलं, बस झाली ही थेरं, तिची सरळ माफी माग आणि मिळतील ते पट्टे लाव. मग म्हणाला, ‘अगं, या खेपेला चुकलं तर ती परत कधीच बसायची नाही माझ्याशेजारी.’

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी मिस्त्री गाडी घेऊन दारात. पट्टे बसवलेले. मरून! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. मला हसावं की रडावं कळेना. वहिनी पायरीवरून उठल्या, दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि पट्टा लावला. तर तो चांगला वीतभर ढिला! माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं घोळ घालून शेवटी हे? मी वाकून पट्टा ओढायला गेले, तर मिस्त्री म्हणाला, ‘ताई, वडू नका. अण्णांनी सोता तितं बसून माप घेतलंय, मांडीवर पिशवी घिऊन. म्हनले, बायकू कदी पिशवी मांडीवरनं खाली ठेवत न्हाई.’

अरे, सैल पट्टा म्हणजे नसल्यासारखाच. बायकोला सांगायचं, पिशवी मागे ठेव. पण ते सांगायचं सोडून हा माणूस तिच्या जागी, तिच्यासारखी पिशवी मांडीवर घेऊन बसला, पट्टा ओढून बघत... मी रागानं बोलायला तोंड उघडलं आणि हुंदकाच आला. वहिनी म्हणाल्या, ‘सुमन, आत खुंटीला माझी पिशवी आहे, आण गं.’ मी आणून दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पट्टा तिच्यावरून नीट लावला. अगदी बरोबर बसला. मग पदर सारखा करून, समोर रस्त्याकडे बघत त्या सवयीनं म्हणाल्या, ‘चला.’

आणि मग शेजारी वळून पाहिलं.