माझी मुलगी चावायची

दीड वर्षाच्या मुलीला नाशिकरोडच्या एका पाळणाघरात ठेवून मी देवळाली कॅम्पला शाळेत शिकवायला जायचे. एका दुपारी पाळणाघराच्या मावशींनी मला दारातच थांबवलं. "आज ही चावली," त्या हळूच म्हणाल्या. तिच्याच वयाच्या एका मुलाच्या दंडावर दातांचे लाल ठसे उमटले होते. आठवडाभरात आणखी दोनदा तसंच झालं, आणि दोन्ही वेळा त्याच मुलाला.

आठवी-नववीच्या पोरांना शिस्त लावणारी मी, घरी तिच्यावर ओरडले. एकदा चापटही मारली. "तूच तिला चाव, मग कळेल," असं कुणीतरी सुचवलं. मी तिचा हात तोंडाशी नेला, तर ती खळखळून हसली. तिला तो खेळ वाटला. मी हात सोडला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

इतर मुलांच्या दोन पालकांनी तिला काढून टाकायला सांगितलं. मावशी त्यांना म्हणाल्या, "मला थोडे दिवस द्या." मग त्या रोज तिच्या शेजारी बसून राहिल्या. शनिवारी मला म्हणाल्या, "जेवणाआधी भूक लागली की चिडते. त्यात हातातलं कुणी ओढलं की चावते. बाकीची 'दे' म्हणतात, हिला अजून बोलता येत नाही हो."

त्या मुलाची आई शिंदे गावाकडची, फुलशेती करणारी, फुलं विकायला रोज नाशिकरोडच्या बाजारात येणारी. मी तिची माफी मागितली. तिने खांद्यावरचा पदर सरकवून जुना वण दाखवला. "ताई, माझा थोरला बी चावरा व्हता. लय मारला, काय उपेग नाय झाला. बोलाया लागला आन् आपसूक थांबला." दुसऱ्या दिवशीही तिने मुलाला पाठवलं.

मावशी माझ्या मुलीला बाकीच्यांच्या अर्धा तास आधी भरवू लागल्या. तिने तोंड उघडलं की मध्ये तळहात धरायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "चावायचं नाही, दुखतं. 'दे' म्हण." घरी वाटी-चमच्यावरून ती चिडली की मीही तेच करू लागले. मध्ये एकदा ती पुन्हा चावली. तेव्हा मावशींनी आधी त्या मुलाला जवळ घेतलं, हिच्यावर ओरडल्या नाहीत.

महिनाभराने मी न्यायला गेले, तेव्हा त्या मुलाने हिचा चेंडू घेतला होता. हिने तोंड उघडलं. मावशींचा हात पुढे झाला, पण त्याआधीच ही किंचाळली, "दे!" त्याने चेंडू दिला नाही. ही भोकाड पसरून रडली. चावली मात्र नाही. मावशी आणि मी एकमेकींकडे बघून हसत सुटलो.

ती आता पहिलीत आहे. परवा बाजारात ती फुलवाली आई भेटली. मी आभार मानले, तर म्हणाली, "कशाचे वो?" तिला खरंच आठवत नव्हतं. मग मी तिथेच उभं राहून तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं.