बाबांचा उजवा पाय

माझ्या गेममधला शत्रू मी बाबांवरून बनवला, हे कबूल करताना आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती. तेव्हा तर स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

बोईसरच्या एका लॅबमधली नोकरी सोडून मी सालवडच्या आमच्या दोन खोल्यांत एकट्याने गेम करायला बसलो होतो. बाबा तारापूरकडच्या केमिकल कारखान्यात ऑपरेटर. पाळीवरून आले की दारातूनच विचारायचे, "झालं का रे तुझं कार्टून?" एकट्याच्या कामात साहेब नसतो, हजेरी नसते, आज नाही केलं तरी कोणाचं काही अडत नाही. लोक सांगायचे, रोज थोडं थोडं कर, छोटी छोटी कामं ठरव. मला ते कधी जमलं नाही. बाबांचा प्रश्न ऐकला की माझं डोकं सणकायचं आणि सणकलं की हात भराभर चालायचे. 'दाखवतोच यांना' एवढ्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली.

माझ्या गेममध्ये खेळणाऱ्याला एका बंद पडलेल्या कारखान्यातून बाहेर पडायचं असतं आणि एक राखणदार त्याला शोधत फिरतो. शत्रू नुसता ताकदवान असून भागत नाही. तो दिसण्याआधी त्याची चाहूल लागली पाहिजे, तरच पोटात गोळा येतो. माझा राखणदार मात्र अगदीच मिळमिळीत चालायचा. एक दिवस संध्याकाळी बाबा दारातून आत आले, एक पाय ओढत, खांदा झुकवून, फरशीवर चप्पल घासत. ती चाल मी जशीच्या तशी उचलली. इंटरनेटवर टाकलेला नमुना खेळून बघणाऱ्या अनोळखी लोकांनी लिहिलं, नुसत्या चालीनेच अंगावर काटा येतो. दिवसभर मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मग बाबा रिटायर झाले. इथल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रिटायर झाल्यावरही त्यांचा रविवार शुक्रवारीच यायचा. अशाच एका शुक्रवारी ते माझ्या मागे खुर्ची ओढून बसले. "दाखव बरं कार्टून." मी मुद्दाम राखणदार येतो तीच खोली उघडली. त्यांना ते लागावं अशीच माझी इच्छा होती.

राखणदार आला. बाबा स्क्रीनकडे झुकले.

"हा मी हाय ना?"

मी राखणदाराला पुन्हा एकदा चालवलं.

"पाय चुकलाय. डावा नाय, उजवा दुखतो माझा."

माझं टेबल दाराकडे तोंड करून होतं. समोरून येणाऱ्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो, एवढी साधी गोष्ट मी चुकलो होतो. इतक्या वर्षांत मी त्यांना फक्त अंगावर येतानाच पाहिलं होतं. त्यांच्या बाजूने कधी चाललोच नव्हतो. आई रोज त्या गुडघ्याला तेल चोळायची आणि मी तिथेच कानात हेडफोन घालून बसायचो.

"कधीपासून दुखतोय?"

"तुज्या दहावीपासून. शिडीवरनं घसरलेलो. तुजी परीक्षा होती, म्हणून बोललो नाय."

दुसऱ्या दिवशी मी राखणदाराचं लंगडणं काढून टाकलं. त्याला जाड बूट दिले, ताठ चालवलं. ही माझी माफी होती. बाबांना मात्र हा बदल सांगितला नाही. रागाबरोबर कामाचा जोरही गेला. त्यांनी प्रश्न विचारणंही बंद केलं होतं. गेम कसाबसा संपवला, एवढंच.

संपल्यानंतरच्या शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पाळीवरच्या दोन जुन्या सोबत्यांना घरी घेऊन आले. आईला चहा टाकायला सांगितला. सोबत्यांपैकी एक जण हसत मला म्हणाला, "सहा महिने डोकं खाल्लंय यानं. टपरीवर, न्हाव्याकडं, जिथं तिथं एकच. पोराच्या गेममदे मी हाय, सगले माज्याला घाबरतात."

खरं सांगून टाकायला हवं होतं. मी गेम सुरू केला.

राखणदार आला, ताठ, दोन्ही पायांनी धड.

"हा तर तू नाय," सोबती म्हणाला.

"हा नाय," बाबा म्हणाले. "माजी खोली पुडं हाय. थांबा, चालीवरनंच कळंल तुमाला."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसून पुन्हा लावला. मी एकामागून एक दार उघडत गेलो. सगळ्या गेममध्ये राखणदार तो एकच होता.