कार्लने न भरलेला फॉर्म

भूतबित मी मानत नाही. आजही नाही. हसायचं तर खुशाल हसा, पण जे झालं ते जसंच्या तसं सांगणार.

२००६ साल. टेक्सासमधल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत मी एचआरमध्ये होते. कॅम्पस पोलीस आणि फायरमन भरती करायचे, आणि ते टिकवायचे... म्हणजे गळकी बादली भरायची! आम्ही माणूस तयार करायचा, शहराच्या पोलीस खात्याने उचलायचा. मार्चमध्ये कार्लनेही राजीनामा दिला. बारा वर्षं जुना, आमचा सगळ्यात भला पोलीस.

त्याच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाला, तो युनिफॉर्ममध्ये माझ्या टेबलासमोर येऊन बसला.

"राजीनामा मागे घ्यायचाय."

मी फॉर्म दिला. कारणाच्या रकान्यात तो बराच वेळ लिहीत होता. सही केली, थँक्स म्हणाला, गेला. मी आनंदाने फॉर्म बॉसला, लिंडाला, नेऊन दिला.

तासाभराने ती तणतणत आली. "कार्ल सकाळपासून शहर पोलिसांच्या मेडिकल तपासणीला गेलाय. आत्ताच मी त्याच्याशी फोनवर बोलले. त्याने कशावरही सही केलेली नाही!"

"माझ्यासमोर केलीय."

"चूक झाली असं लिहून दे. विषय संपेल."

घरी नवरा म्हणाला, "अगं, आपला व्हिसा युनिव्हर्सिटीच्या हातात आहे. दे ना लिहून, यार."

"व्हिसा त्यांच्या हातात. डोळे तर माझे आहेत ना?"

नाही दिलं लिहून.

दुसऱ्या दिवशी लिंडाने कार्लला बोलावलं. त्याने फॉर्म वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. कारण लिहिलं होतं — 'पार्किंग गॅरेजच्या गच्चीवरून जिला समजावून खाली आणलं, त्या मुलीला मे महिन्यात डिग्री घेताना बघायचंय.'

"सही माझीच आहे," तो हळूच म्हणाला. "पण मी आलो नव्हतो. आणि हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. काल तिथे नंबर लागायची वाट बघताना नुसतं मनात आलं..."

"किती वाजता?" मी विचारलं.

"दहाच्या सुमारास."

कार्लने नवा फॉर्म मागितला आणि आम्हा दोघींसमोर भरला. तो राहिला. मे महिन्यात त्या मुलीसाठी सगळ्यात जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या.

लिंडाने माझी माफी मागितली नाही. पहिला फॉर्म फाडून टाक म्हणाली. मी तो फाइलला लावला... तिच्या डोळ्यांदेखत.

तो कोणी भरला? मला माहीत नाही. माझ्यासमोर भरला, एवढं मात्र कुणीही विचारा, सांगेन.