पिस्तुलाचं माप

दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं युनिफॉर्म शिवायचं वर्कशॉप आहे. तिथे दोन गोष्टी रोज साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र माझ्याबरोबर गाडीत बसून घरी येतात, पानावर बसतात, आणि माझी बायको मंजिरी म्हणते, "झालं सुरू तुझं वर्कशॉप!" म्हणून आज तुम्हालाच सांगून टाकतो. निदान माझं घर तरी रिकामं होईल.

आधी माणसं सांगतो, म्हणजे गोंधळ नको. गोंधळ पुढे भरपूर आहे.

मी देवरे, नाशिकचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलाय. कार्डावर 'फिटिंग कोऑर्डिनेटर' लिहिलंय, म्हणजे गिऱ्हाइकाच्या शिव्या मास्तरांपर्यंत सौम्य करून पोचवणारा माणूस. बबन मास्तर आमचे कटर, बार्शीचे, कतारमध्ये सत्तावीस वर्षं. या सत्तावीस वर्षांत आपला कपडा परत आला नाही, असं ते सांगायचे आणि ते खरं होतं. सावंत कुडाळचे. आर्मीत हत्यारांच्या स्टोअरला होते, आता आमच्या कापडाच्या स्टोअरला आहेत. आणि सगळ्यांच्या वर मुदीर, म्हणजे मॅनेजर.

शाळांचे, हॉटेलांचे युनिफॉर्म शिवता शिवता एक दिवस वेगळीच ऑर्डर आली. एका मोठ्या घराच्या चाळीस गार्डांसाठी कोट. अस्तरात उजव्या कमरेशी एक कप्पा, कप्प्यात छोटं पिस्तूल, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसता कामा नये! गार्डांचे प्रमुख कॅप्टन साहेब तीन वेळा सॅम्पल बघणार होते.

मुदीर मास्तरांना म्हणाले, "तीन सॅम्पल. तिसरं परत आलं, तर कोटाचं सेक्शन खलास. तुमचा व्हिसा कॅन्सल, तिकीट हातात."

मास्तर नुसते "यल्ला", म्हणजे चला, एवढंच म्हणाले आणि कात्रीला धार लावायला बसले. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

* * *

मापासाठी कॅप्टननी एक डमी पाठवली. निळी, रबरी, आत शिसं भरलेली. आकार खऱ्याचा, वजनही खऱ्याचं, आणि वर्कशॉपच्या बाहेर न्यायला बंदी.

मास्तरांनी ती टेबलावर ठेवली, गळ्यातली टेप काढली आणि मला विचारलं, "देवरेसाहेब, ह्येचं माप कुठनं घ्यायचं? छाती कुठली, कंबर कुठली?"

मला काय ठाऊक! शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं आणि मापाच्या वहीत लिहिलं. नाव: पिस्तूल. उंची: पावणेसात इंच. कंबर: एक इंच. ट्रायल: गुरुवार.

मी म्हटलं, "मास्तर, यापेक्षा लहान पिस्तूल द्या म्हणून कॅप्टनना सांगू का? आपलं काम सोपं होईल."

सावंत स्टोअरच्या दारातूनच ओरडले, "काय सांगू नको! लहान झाला तर हातात गावता नाय. करंगळी खाली लोंबत ऱ्हवता. लपवूक लहान होया, धरुक मोठा होया!"

मग त्यांनी आमचा वर्गच घेतला. नळी लांब असली तरी ती मांडीच्या बाजूने खाली जाते, कुणाला दिसत नाही. दिसते ती मूठ. माणूस वाकला की मूठ मागून कोटाला टोचते. आणि जाडी महत्त्वाची. वहीइतकं चपटं असेल तर अंगालगत बसतं, विटेइतकं जाड झालं की कुठलाही कोट ओरडून सांगतो. वर कडा गुळगुळीत पाहिजेत, नाहीतर ऐन वेळी अस्तरात अडकायचं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ डमी हातात फिरवत बसले आणि म्हणाले, "म्हंजी थोरल्या भावावानी हाय ह्ये. रोज नजरंम्होरं नगं, पन येळंला हाताला घावलं पायजे."

सावंतांना चौदा वर्षांच्या नोकरीत हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं म्हणे.

* * *

पहिलं सॅम्पल मास्तरांनी पूर्ण खबरदारीने शिवलं. मूठ दिसते ना? मग मागून घेर वाढवला. कप्पा फुगतो ना? पुढून घेर वाढवला. बसल्यावर ताणतं? लांबी वाढवली.

गुरुवारी कॅप्टननी त्यांचा सगळ्यात धिप्पाड गार्ड त्या कोटात उभा केला. तो वाकला, बसला, हात वर केले, धावून आला. पिस्तुलाचा मागमूस नाही! मी मास्तरांकडे बघून हसलो सुद्धा.

कॅप्टन मूळचे जॉर्डनचे, पण वीस वर्षं आखातात काढल्यामुळे हिंदी चांगलं बोलायचे. त्यांनी कोटाभोवती सावकाश एक चक्कर मारली आणि विचारलं, "पिस्तौल तो छुप गया. अंदर आदमी है क्या?"

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मास्तरांचा कपडा परत आला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने उसवला, कुणाला हात लावू दिला नाही.

* * *

मला वाटलं, आपणही हातभार लावावा. पिस्तूल अंगावर घेऊन वावरताना नेमकं काय दिसतं, हे आपण अनुभवून बघू. डमी बाहेर न्यायला बंदी, म्हणून मी घरातला चपटा स्टीलचा डबा घेतला, साधारण त्याच मापाचा. मंजिरीने त्यात लसणाची चटणी भरून ठेवली होती, ती तशीच राहू दिली. वजन पाहिजेच होतं ना!

शुक्रवारी समैस्माच्या किनाऱ्यावर आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं जमलो. मी डबा उजव्या कमरेला पट्ट्यात खोचला, वरून सैल शर्ट. निवांत फिरलो. कुणाला काही कळलं नाही, असं मला वाटत होतं.

पहिल्या अर्ध्या तासात पुण्याचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हर्नियाचं ऑपरेशन भारतात करा. सुट्टी जोडून घ्या." त्यांच्या पत्नीने मंजिरीला धीर दिला. मंजिरीला कळेना की कशाबद्दल! ती घाबरून माझ्याकडे आली, "अरे, तुला काय झालंय? सगळ्यांना माहितीये आणि मलाच नाही?"

मी शर्ट वर करून तिला डबा दाखवला. बघते तर चटणीचं तेल गळून पँटवर लाल नकाशा उमटलेला! किंचाळली ती.

माझी लेक, वय वर्षं नऊ, शांतपणे म्हणाली, "बाबा, नोबडी सॉ द डबा. यू कीप टचिंग इट."

खरंच की! डबा दिसतच नव्हता, दिसत होता माझा हात. दर दोन मिनिटांनी तो डबा जागेवर आहे ना, हे चाचपून यायचा. लपवलेली वस्तू हलली की माणूस चाचपतो, आणि चाचपला की पकडला जातो. शनिवारी मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांनी कप्प्याच्या आत पट्टी लावून तो असा घट्ट केला की डमी तसूभर हलेना. चटणीचं श्रेय मात्र मला कुणी दिलं नाही.

* * *

दुसऱ्या सॅम्पलला घेर बरोबर, कप्पा बरोबर. पण कोट उजवीकडे ओढला जाऊ लागला. एका बाजूला शिशाचं वजन, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. गार्ड उभा राहिला की एक खांदा सलाम करतोय असं वाटायचं.

सावंत म्हणाले, "तराजूक दुसरा पारडा घाला."

मास्तरांना पटलं. डावीकडच्या अस्तरात अंदाज घेण्यापुरतं वजन म्हणून टेबलावर हाताला लागलं ते घातलं, चार टाके मारले. कोट सरळ! इतका सरळ की मास्तर खुशीत चहाला गेले. तेवढ्यात प्रेसवाल्याने कोट उचलला, इस्त्री केली, पिशवीत घातला आणि डिलिव्हरीच्या गाडीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअर उघडेना. किल्ल्यांचा जुडगा गायब! सावंतांनी आधी माझ्यावर संशय घेतला, मग क्लीनरवर, मग स्वतःच्या वयावर. दोन दिवस कापड आत आणि आम्ही बाहेर. एका शाळेचे गणवेश अडकले, प्रिन्सिपलबाईंच्या शिव्या मी सौम्य करता करता दमलो.

तिसऱ्या दिवशी कॅप्टनचा फोन आला. "मिस्टर देवरे, पिस्तौल नहीं दिखता. बहुत अच्छा. लेकिन मेरा आदमी चलता है तो बकरी के गले की घंटी जैसा आवाज क्यों आता है?"

मी फोन हातात धरून मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी टेबलाकडे बघितलं. सावंतांनी मास्तरांकडे बघितलं आणि मालवणीत जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरं सॅम्पलही परत आलं, डाव्या अस्तरातल्या किल्ल्यांसकट. मुदीर आत आले, कोट उलटासुलटा केला, आणि एकच बोट वर केलं. एक उरलंय, असा त्याचा अर्थ होता. मास्तरांनी मान हलवली आणि कोट उसवायला घेतला. मला फार वाईट वाटलं.

* * *

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मास्तरांच्या घरून व्हिडिओ कॉल आला. वहिनींनी विचारलं, "काय करताय?"

मास्तर सरळ माणूस. म्हणाले, "पिस्तूल लपवतूय."

वहिनींनी पुढचं ऐकलंच नाही, फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी मेहुण्याचा फोन, "दाजी, कुनाचं हाय? तुमी नुसतं नाव सांगा!" मग थोरल्या भावाचा, "बबन, कबूल करून टाक, वकील आपन बघू." मग शेजारचे पोलीस पाटील स्क्रीनवर आले. त्यांनी दमात घेतलं, "कतारच्या सरकारला तुम्ही सहकार्य करा."

मास्तर सगळ्यांना समजावत होते, "आवं, रबरी हाय! निळं हाय! कोट शिवतूय मी!" जितकं समजावत होते तितकं तिकडे वाढत होतं. शेवटी मी फोन घेतला आणि आपण त्यांच्याच कंपनीतले साहेब आहोत, असं सांगितलं. त्यावर पाटलांनी मलाही सहकार्य करायला सांगितलं.

संध्याकाळी सगळं निवळल्यावर वहिनींचा पुन्हा फोन आला. आता हसत होत्या. म्हणाल्या, "लई झालं आता. या घरला. कोन म्हनतंय ऱ्हावा म्हनून?"

 मास्तर म्हणाले, "यीन की. पन हाकललं म्हनून न्हाई येनार. माझ्या मनानं यीन."

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि तिसरं सॅम्पल कापायला घेतलं.

* * *

तिसऱ्या वेळी कॅप्टननी चार गार्डांच्या मापांचे चार कोट मागवले. अट नवीन. डमी एकाच कोटात ठेवायची, कुठल्या ते सांगायचं नाही. चौघे कोट घालून उभे राहणार आणि कॅप्टन ओळखणार. ओळखलं तर खलास.

सकाळी मी सही घेऊन डमी मास्तरांच्या ताब्यात दिली. मास्तरांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मूठ लागते तिथे बकरमचं कडक कापड, डावीकडे पडद्याच्या तळाला घालतात ती शिशाची पट्टी, सगळं जमलं होतं.  तरी सावंत कोपऱ्यात उभे राहून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालत होते.

अकराला कॅप्टन आले. आमच्याकडे हत्यार आत आणायची परवानगी नाही, म्हणून स्वतःचं पिस्तूल गाडीत ठेवून आले. त्यांच्या कोटाचं अस्तर फाटलं होतं म्हणून तो गेल्या आठवड्यात मास्तरांकडेच टाकला होता. मास्तरांनी तो झटकून त्यांच्या अंगावर चढवला, खांदे नीट केले, आदबीने मागे सरकले.

मग परीक्षा सुरू झाली. चौघांना वाकवलं, बसवलं, पायऱ्या चढवल्या, गाडीत कोंबून बाहेर काढलं. एकाला नीट जमेना तर कॅप्टननी स्वतः वाकून दाखवलं, उकिडवे बसले, धावले सुद्धा. अर्धा तास झाला.

शेवटी त्यांनी दोन नंबरकडे बोट केलं. कोट उघडला. काही नाही.

तीन नंबर. काही नाही.

मुदीर माझ्याकडे बघायला लागले, मी सावंतांकडे. एक नंबर उघडला, चार नंबर उघडला. चारही कप्पे रिकामे! मला दरदरून घाम फुटला. मास्तर घाबरून डमी ठेवायलाच विसरले, दुसरं काय! सत्तावीस वर्षं गेली, तिकीट आलं.

कॅप्टन भडकले. "मास्टर! ये क्या मजाक है? पिस्तौल किस के पास है?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात ठेवली.

"साब, आधे घंटे से आप ही लेके घूम रहे हो."

वर्कशॉपमधली सगळी मशीनं थांबली. कॅप्टनचा हात हळूहळू कोटाच्या आत, स्वतःच्या उजव्या कमरेकडे गेला, अस्तरातल्या नव्या कप्प्यावर थांबला, आणि तसाच खूप वेळ राहिला. मग त्यांनी हात बाहेर काढला, रिकामाच, आणि कोटाचं बटण लावलं.

"खलास. चालीस के चालीस ऐसे ही बनाओ," ते म्हणाले. "इसको अब खोलना मत."