थोरल्या कारकुनाची हरवलेली वही

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लांबट खोली. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे आणि मधोमध एक कुबडी, जिचा धनी तिच्याशिवाय घरी कसा गेला हे देवच जाणे. हा बस डेपोचा हरवले-सापडले कक्ष. टेबलामागे एकतीस वर्षं बसलेला थोरला कारकून आज टेबलाच्या पुढे उभा आहे, हरवलेल्या माणसासारखा.

झालं असं, की काल बसमध्ये त्याला डुलकी लागली आणि वही सीटवर राहिली. सकाळी कंडक्टरने ती रीतसर जमा केली. धाकट्या कारकूनबाईने तिला चिठ्ठी बांधली.

त्या वहीत त्याने अर्धं आयुष्य घालवून एक भाषा रचली होती, जगात कुणीच न बोलणारी. ‘माझं’ म्हणणारे सगळे एकाच अर्थाने म्हणत नाहीत, हे त्याला या टेबलाने शिकवलं होतं. म्हणून त्याच्या भाषेत ‘माझं’ हा शब्दच नव्हता. वस्तूच्या नावाला शेपटी लागायची. हातात आहे तोवर आपलं, त्याला ‘शू’: छत्री-शू. कुणी दिलं म्हणून आपलं, त्याला ‘मेर’: घड्याळ-मेर. आणि टाकू म्हटलं तरी टाकता येत नाही, त्याला ‘ओल’: नाक, आई, दुखरा गुडघा.

“दे बाई इकडे,” तो म्हणाला.

“काका, भिंतीवर काय लिहिलंय?”

भिंतीवर त्याच्याच वळणदार अक्षरात पाटी होती: कर्मचाऱ्याने कोणत्याही वस्तूवर हक्क सांगू नये. एक शिपाई रोज नवी छत्री घेऊन घरी जाऊ लागला, तेव्हा यानेच ती लावली होती. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!

“आणि आज शनिवार. कागद चार वाजता रद्दीत जातात. तोही नियम तुमचाच,” ती हळूच म्हणाली. “साहेब आत बसलेत हो, नाहीतर कधीच दिली असती.”

बायको काही कर्मचारी नव्हती. त्याने घरी फोन लावला. साडेतीनला बायको आली, दोन बस बदलून, धापा टाकत.

“सवत हरवली म्हणे,” ती म्हणाली. “म्हटलं, सुटले एकदाची!”

साहेब दारात येऊन उभे राहिले. धाकटीने नाइलाजाने विचारलं, “काकू, आत काय आहे ते सांगावं लागेल.”

थोरल्याने मान खाली घातली. इतक्या वर्षांत त्याने तिला एक पान वाचून दाखवलं नव्हतं.

तिने पिशवी खाली ठेवली. “दाढी करताना पुटपुटत असतात, मी काय बहिरी आहे? छत्री-शू, घड्याळ-मेर, गुडघा-ओल. शिवाय धूळ कोण पुसतं त्या वहीवरची? मागच्या बाजूला नात्यांची यादी आहे बघ. आई, बाप, बहीण, सगळ्यांना शेपटी आहे. ‘बायको’पुढे मात्र कोरं. लिहिलंय नि खोडलंय, लिहिलंय नि खोडलंय. कागद विरलाय तिथे.”

धाकटीने पान काढलं, उजेडाकडे धरलं. विरलेल्या जागेतून खिडकी दिसत होती. साहेब मान डोलावून आत गेले. नोंदवहीत ‘मालक’ या रकान्यात बायकोने सही केली.

मग दोघं बसथांब्याच्या बाकावर टेकली.

“कागदोपत्री वही आता माझी,” ती म्हणाली. “मग, मला कुठली शेपटी?”

त्याचे डोळे मिटत होते. ‘ओल’ लिहायचं त्याच्या कैकदा मनात आलं होतं. पण ही आपल्याआधी गेली तर ते खोटं पडेल, या धास्तीने तो दर वेळी रबर उचलायचा. हे सांगायचं त्राण आज नव्हतं. ती वही पुढे करत होती. त्याने ती तिच्याच पिशवीत सरकवली.

“तुझ्याकडेच राहू दे,” तो म्हणाला. “मी पुन्हा कुठेतरी विसरेन.”