मन्सूऱ्याला गेलेले देवरावकाका

देवरावकाका पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा पाणीसुद्धा न घेता त्यांनी माझ्या उशीच्या उसवलेल्या शिवणीतून चिमूटभर कापूस ओढला. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला, उजेडात पाहिला आणि म्हणाले, "फसवलं गा तुले दुकानदारानं." बेसा भागातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. इकडे मीही एकटाच. कळमेश्वरच्या एका जिनिंग कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं कापसाची प्रत ठरवली होती.

काकू गेल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस झाडावर बघायचा. तो नाईलकाठच्या मन्सूरा नावाच्या जुन्या शहराभोवती पिकतो, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलं होतं. "चाल ना गा माझ्यासंग," असं ते तीन वर्षं म्हणत होते. मी दर वेळी पासपोर्ट नाही, सुट्टी नाही, असं काहीबाही सांगायचो. खरं म्हणजे मला कंटाळा होता, बाकी काही नाही. शेवटी बाहत्तराव्या वर्षी ते एकटेच गेले, जानेवारीत.

तिथंच घोळ झाला. आपल्याकडे जानेवारीत वेचणी चालू असते, म्हणजे तिकडेही असणारच, असं ते धरून चालले. मन्सूऱ्याचा कापूस केव्हाच वेचून झाला होता; शेतांत नुसता हिरवा चारा आणि गहू. चाळीस वर्षं कापसात घालवलेला माणूस, आणि हंगाम चुकला. सांगताना काकाच आधी हसले.

मग त्यांनी शहर पाहिलं. एका फ्रेंच राजाला कैदेत ठेवलेलं जुनं घर आहे म्हणे तिथं. "राजा असून एकटाच होता बिचारा," एवढंच त्याबद्दल बोलले. पण एका गल्लीत त्यांना गादीचा कापूस पिंजत बसलेला म्हातारा पिंजारी भेटला. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळेना. काकांनी कापूस उचलून अंगठ्यांत ताणला, तसा त्यानं सरकून शेजारी जागा करून दिली. काका तीन दिवस तिथेच. पिरॅमिड पाहायचे राहूनच गेले.

हे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "तीन दिवस कोणी तरी माझ्यासंग बसून राहिलं गा. काहून आला, कधी जाशील, काहीच विचारलं नाही त्यानं."

मला लाज वाटली. समोरच राहून मी कधी त्यांच्याजवळ तासभर बसलो नव्हतो. त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज केला, ओळख सांगणारा शेजारी म्हणून त्यात त्यांचंच नाव दिलं. सप्टेंबरात दोघांनी जायचं ठरलं. पिंजाऱ्याला दाखवायला काकांनी इकडचा मूठभर कापूस काढूनही ठेवला.

फेब्रुवारी संपता संपता रामदासपेठेतल्या दवाखान्यात चार दिवसांत ते गेले.

तेरवीनंतर पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. देवरावजी कुठं राहतात, म्हणून त्यानं विचारलं. मी समोरचं कुलूप दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं नावावर काट मारली आणि म्हणाला, "बरं, दुसऱ्या कोण्या शेजाऱ्याचं नाव सांगा."

या इमारतीत मी नऊ वर्षं राहतोय. मला एकही नाव सांगता आलं नाही.